घाटात उकळलेलं पेट्रोल: पद्मिनीच्या बॉनेटखालचे रस्ते

[दृश्य: पुण्यातली एक शेड. पहाटेचा उजेड. बॉनेट उघडलेली गाडी.]

ही १९७८ ची प्रीमियर पद्मिनी. कुर्ल्याच्या कारखान्यात तयार झालेली. चार सिलिंडर, १०८९ सीसी, गिअरचा दांडा स्टिअरिंगपाशी. आमच्या घरात तिला पद्मिनी कुणीच म्हणत नसे. "फियाट काढ," एवढंच. मुळात ती फियाटच. १९६४ मध्ये इथे आलेली ११०० डिलाइट पुढे पद्मिनी झाली. मुंबईत ३० ऑक्टोबर २०२३ पासून ती टॅक्सी म्हणून धावत नाही. आता ज्या पद्मिनी उरल्या आहेत, त्या आमच्यासारख्यांच्या शेडमध्ये आहेत.

वडील गेल्यावर ही गाडी बरीच वर्षं उभी होती. मी इंजिन उतरवलं, आतला पत्रा घासून घेतला, रंग दिला. जुन्या नळ्या कडक होऊन तडकल्या होत्या, त्या कापून फेकून दिल्या. कापण्याआधी एकही फोटो काढला नाही. पुढचं सगळं त्या एका दुपारमुळे घडलं.

[दृश्य: टेबलावर नव्या रबरी नळ्या, क्लिपा, स्क्रूड्रायव्हर.]

नळ्या नाना पेठेतून आणल्या. मापाच्या होत्या, चांगल्या होत्या. बसवताना माझ्या डोळ्यांसमोर एकच गोष्ट होती, सगळं सुबक दिसावं. पेट्रोलची नळी मी इंजिनच्या अंगाने सरळ रेषेत नेली आणि प्लॅस्टिकच्या पट्ट्यांनी जागोजागी बांधली. बॉनेट उघडलं की पाहणारा खूश व्हायचा.

मग एका मे महिन्यात मुंबईहून परत येताना खोपोली सोडली आणि बोरघाटाची चढण लागली. दुसऱ्या गिअरमध्ये गाडी आचके देऊ लागली. शिंगरोबाच्या देवळाच्या अलीकडे बंद पडली. स्टार्टर फिरतोय, इंजिन काही धरत नाही.

या शिंगरोबाची आख्यायिका घाटातल्या प्रत्येक ड्रायव्हरला ठाऊक असते. इंग्रजांना सह्याद्रीतून खाली उतरायची वाट सापडत नव्हती, ती या धनगराने दाखवली. वाट कुठून जाते हे माहीत असणाऱ्याचं ते देऊळ. माझी गाडी नेमकी तिथेच उभी राहिली, आणि आजारही वाटेचाच होता.

[दृश्य: इंजिनवरच्या पेट्रोल पंपावर ओलं फडकं ठेवणारा हात. वाफ.]

मागून आलेल्या एका टेम्पोवाल्याने न विचारता बाटलीतलं पाणी फडक्यावर ओतलं आणि फडकं इंजिनला पेट्रोल पुरवणाऱ्या पंपावर ठेवलं. दहा मिनिटांनी गाडी सुरू झाली. जुन्या ड्रायव्हर लोकांचा हा उपाय अगदी बरोबर आहे, आणि तो का चालतो हे कळलं की नळी कुठून न्यायची हेही कळतं.

पद्मिनीची पेट्रोलची टाकी मागे. पंप पुढे, इंजिनवर. गॅरेजमध्ये त्याला एसी पंप म्हणतात. थंड हवेशी त्याचा संबंध नाही, एसी हे पंप बनवणाऱ्या कंपनीचं नाव. हा पंप पडद्याचा, म्हणजे आत एक लवचीक पडदा खालीवर होतो. पडदा खाली गेला की टाकीतून पेट्रोल ओढलं जातं, वर आला की कार्ब्युरेटरकडे, म्हणजे पेट्रोल आणि हवा मिसळणाऱ्या भागाकडे, ढकललं जातं. म्हणजे टाकीपासून पंपापर्यंतच्या नळीत दाब कायम कमी असतो. दाब कमी झाला की कुठलाही द्रव लवकर उकळतो. त्यात मे महिन्याचं ऊन, चढणीवर तापलेलं इंजिन, आणि इंजिनचा तापलेला धूर बाहेर नेणाऱ्या मॅनिफोल्डपासून चार बोटांवर मी सरळ रेषेत बांधलेली नळी. पेट्रोल नळीतच उकळलं. पडदा वाफेला नुसता दाबत-सोडत राहिला, पेट्रोल पुढे गेलंच नाही. ओल्या फडक्याने पंप थंड झाला, वाफेचं पुन्हा पेट्रोल झालं.

[दृश्य: टॉर्चच्या उजेडात आतला पत्रा. रंगाखाली बुजलेलं भोक.]

पुण्यात आल्यावर एका वयस्क मेस्त्रीकाकांना गाडी दाखवली. त्यांनी नळीला हातही लावला नाही. टॉर्च घेऊन आतल्या पत्र्यावरून बोटं फिरवत राहिले. मग म्हणाले, "हे बघ, इथं क्लिपेचं भोक होतं. तू रंगाने बुजवलंस." पुढे एक वीत अंतरावर दुसरं भोक. दोन्ही जोडली तर मूळ नळीची वाट दिसत होती. ती इंजिनपासून लांब, बाजूच्या पत्र्याला धरून, गाडी चालताना जिथून वारा जातो तिथून येत होती. दिसायला वाकडी, अंतराने जास्त. कारखान्यातल्या कुणीतरी विचार करून ती तशी ठेवली होती, आणि मी ती सरळ करायला निघालो होतो.

तेव्हापासून कुणी जुनी गाडी उघडताना दिसलं की मी आधी त्याचा हात थांबवतो. नळी मेली असली तरी ती जिथे होती तिथे खुणा असतात. रंग कमी उडालेला पट्टा, घासून चकाकलेला पत्रा, क्लिपेचं भोक, ग्रॉमेटच्या, म्हणजे भोकात बसणाऱ्या रबरी कड्याच्या, भोवतीचा गंज. आधी फोटो काढा, वरून, दोन्ही बाजूंनी आणि खालून. प्रत्येक टोकाला चिठ्ठी बांधा. फोटो राहिलेच असतील तर न उघडलेली दुसरी पद्मिनी शोधा आणि तासभर तिच्यासमोर उभे राहा.

[दृश्य: रेडिएटर आणि इंजिन यांमधली वरची नळी. ॲक्सिलरेटर दाबताच इंजिन कलतं.]

आता हे नीट पाहा. इंजिनचं पाणी थंड करणारा रेडिएटर गाडीच्या पत्र्याला घट्ट धरलेला आहे. इंजिन रबरी माउंटिंगवर बसलंय. ॲक्सिलरेटर दिला की इंजिन एका अंगाला कलतं, सोडला की परत येतं. त्या दोघांना जोडणाऱ्या नळीला हे हेलकावे सोसायचे असतात. नळी ताणून बसवली तर तोटीपाशी फाटते. सरळ नळी जबरदस्तीने वाकवली तर आतून चिमटते आणि पाणी अडतं. म्हणून वळणाच्या जागी साच्यातून वळण घेऊनच आलेली नळी हवी.

खालच्या नळीचं दुखणं वेगळं. ती वॉटर पंपाच्या ओढणाऱ्या बाजूला आहे. रबर मऊ झालं की इंजिनच्या वाढत्या वेगाबरोबर ती चपटी होते. गाडी उभी असताना पाहिली तर ठणठणीत. हायवेवर मात्र तापमानाचा काटा चढत जातो. अशा नळीत तारेची स्प्रिंग घालतात. जुन्या नळीत स्प्रिंग निघाली तर गंजलेली म्हणून फेकू नका, तशीच नवी घाला. ही नळी फॅनबेल्टपासून आणि पंख्यापासून निदान दोन बोटं लांब हवी, तीही इंजिन कललेलं असताना मोजून.

पाण्याच्या वाटेत कुठेही रेडिएटरच्या झाकणापेक्षा उंच कुबड नको. तिथे हवा धरते, आणि हवा धरली की पाणी भरलेलं असूनही हेड, म्हणजे इंजिनचा वरचा भाग, तापतं. झाकणही मूळ दाबाचंच बसवा. ७ पीएसआयच्या झाकणाखाली पाणी १०० ऐवजी साधारण १११ अंशांवर उकळतं. घाटात एवढा फरक पुरतो. गाडी तापते म्हणून थर्मोस्टॅट, म्हणजे इंजिन गरम होईपर्यंत पाणी अडवणारी झडप, काढून टाकण्याची सवय मला पटत नाही. इंजिन थंडच राहतं, झीज वाढते, आणि मूळ दुखणं झाकलं जातं.

ब्रीदरची, म्हणजे इंजिनच्या आतली वाफ बाहेर काढणारी, नळी लोक विसरतात. इंजिनवरच्या टॅपेट कव्हरकडून एअर क्लीनरकडे जाताना ती मध्येच लोंबली तर त्या झोळात तेल आणि पाण्याचा पिवळसर गाळ साचतो. वाट बुजते, क्रँककेसमधला, म्हणजे इंजिनच्या पोटातला, दाब वाढतो आणि तेल सीलमधून बाहेर पडू लागतं. सील दोनदा बदलूनही गळती थांबत नसेल, तर ही नळी काढून फुंकून पाहा.

[दृश्य: स्टिअरिंगवरचा गिअरचा दांडा हलतो, बॉनेटखाली सळ्या सरकतात.]

पद्मिनीत आणखी एक गोष्ट जपावी लागते. गिअरच्या सळ्या स्टिअरिंगच्या दांड्याजवळून खाली जातात. नळ्या बसवून झाल्या की एकाला आत बसवून चारही गिअर आणि रिव्हर्स टाकायला लावा आणि सळी नळीला घासते का ते बाहेरून पाहा. ॲक्सिलरेटरची सळीही पूर्ण दाबून पाहा.

रबराबद्दल एवढंच, की आता पंपावर २० टक्के इथेनॉलचं पेट्रोल मिळतं आणि जुन्या जातीचं रबर त्यात टिकत नाही. नळीवर एसएई जे३० आर९ हे मानक छापलेलं पाहून घ्या. ओढणाऱ्या बाजूच्या नळीला बारीक तडा गेला तर पेट्रोल गळत नाही, हवा आत जाते. खाली थेंब दिसत नाही आणि माणूस कार्ब्युरेटर खोलत बसतो.

[दृश्य: बोरघाट. चढणीवर पद्मिनी. शिंगरोबाचं देऊळ मागे पडतं.]

पुढच्या मे महिन्यात पुन्हा खोपोलीहून चढलो. दुपारचे दोन. मेस्त्रीकाका शेजारी. दुसरा गिअर, आचके नाहीत. देवळापाशी थांबलो, पण इंजिन बंद केलं नाही. काकांनी खिडकीतून नाणं टाकलं.

खंडाळ्याला बॉनेट उघडलं. मॅनिफोल्डजवळ हात नेववत नव्हता. पत्र्याच्या कडेने आलेल्या त्या वाकड्या नळीवर मी हात ठेवला आणि ठेवूनच उभा राहिलो. कोमट होती.