घोट्यावरची जखम, तळव्यावरची जखम

[दृश्य: सोलापूरचा पूर्व भाग, यंत्रमागांचा खटखटाट]

चादर असो की टॉवेल, मागावरचा माणूस पाळीभर उभाच. वर्षानुवर्षं असं उभं राहून पोटरीच्या शिरांतल्या झडपा सैल पडतात, रक्त वर चढायचं सोडून घोट्याशी साचतं. आधी सूज, मग कातडी काळपट, मग खाज. खाजवून फुटलेली जागा महिनोन्‌महिने भरत नाही.

[दृश्य: ड्रेसिंगची खोली]

"मामा, पाय वर घ्या."

पट्टीला हात लावण्याआधी सिस्टर दंडाचा रक्तदाब मोजतात, मग घोट्याचा. हातात पेनाएवढं डॉप्लर, म्हणजे रक्ताचा प्रवाह ऐकवणारं यंत्र, त्यातून सूं-सूं आवाज. घोट्याच्या आकड्याला दंडाच्या आकड्याने भागायचं. 0.9 ते 1.3 आलं तर पायाला रक्त पुरतंय. मग पावलापासून गुडघ्याखालपर्यंत घट्ट पट्टी, घोट्याशी सर्वांत घट्ट. खरा उपचार हाच. 0.5 च्या खाली आलं, तर तीच पट्टी पाय घालवू शकते. मधुमेहात धमन्या कडक झाल्या की आकडा फसवा, चढा येतो. तेव्हा पायाच्या अंगठ्याचा दाब बघतात. मलम कोणतं, हे सगळ्यात शेवटी. घरचे मात्र आधी तेच विचारतात.

[दृश्य: तळव्याचं जवळून चित्रण]

ही जखम तळव्यावरची, अंगठ्याच्या मुळाशी. मे महिन्यात मावशी तापलेल्या फरशीवरून अनवाणी चालल्या, फोड आला, कळलंच नाही. शुगरने नसा बधिर झालेल्या. "दुखत नव्हतं, म्हणून आले नाही," मावशी सांगतात. 10 ग्रॅम दाबाला वाकणारा नायलॉनचा दोरा वाकेपर्यंत तळव्याला टेकवला; डोळे मिटलेल्या मावशी गप्प.

इथे काम उलटं: भार काढायचा. डॉक्टर कडेचं जाड, मेलेलं कातडं कापतात, बोथट सळई हाडाला लागते का बघतात. जंतुसंसर्ग नसेल, रक्तपुरवठा बरा असेल, तर गुडघ्यापर्यंत प्लास्टर, काही आठवडे. विड्या वळून घर चालवणाऱ्या बाईला 'चालू नका' म्हणणं सोपं. पाणी भरायला कोण जाणार, ते कुणी विचारत नाही.

भरल्यावरही तळव्याची जखम दहातल्या चौघांना वर्षभरात पुन्हा होते. म्हणून मागे पट्टा असलेली एमसीआर (मऊ, सच्छिद्र रबराची) चप्पल, घरातसुद्धा. घालण्याआधी झटकायची, रोज रात्री आरशात तळवा बघायचा.

मामांना दाबाचा मोजा, सकाळी अंथरुणातून उतरण्याआधीच.

"उन्हाळ्यात घाम येतोय की हो, सिस्टर."

"येऊ दे. काढायचा रात्रीच."