पांढऱ्या रताळ्याचा वेल

न्हाणीच्या पाण्यावर हे जे हिरवंगार पसरलेलं दिसतंय ना, ते शोभेचं झाड नाही, रताळ्याचा वेल आहे, आणि तोही पांढऱ्या रताळ्याचा. वर्धा जिल्ह्यात आर्वीकडचं हे गाव, घरामागची ही सांदवाडी, चार खाटा टाकल्या तर भरून जाईल एवढीच.

फूल जरा जवळून बघा. फिकट जांभळं, भोंग्यासारखं. नाल्याच्या काठानं बेशरम फुलते ना, तिच्याच वंशातलं हे. पण बेशरमीला ढोर तोंड लावत नाही आणि याच्या पानांवर बकऱ्या तुटून पडतात, कोवळ्या शेंड्यांची तर माणसंही भाजी करतात.

मूळचं हे अमेरिकेतलं, पोर्तुगीजांच्या जहाजातून आपल्याकडं आलं असं मानतात. आणि 'बटाटा' हा शब्द मुळात बटाट्याचा नाहीच बरं का, कॅरिबियन बेटांवरचे लोक रताळ्याला बटाटा म्हणायचे, तोच शब्द जहाजातून निघाला आणि पुढं दुसऱ्याच पिकाला चिकटला. दोघांचं जवळचं नातं काहीच नाही. बटाटा म्हणजे फुगलेलं खोड, त्याचे डोळे पाहून काप लावता येतात. रताळं म्हणजे फुगलेलं मूळ, आणि लावायचं तर वेलाचे तुकडे लावायचे. बियाण्याचं पाकीट दुकानात मिळत नाही, ज्याच्या घरी वेल आहे त्याच्याकडूनच आणावा लागतो, आणि त्याचाही उन्हाळ्यात वाळला तर त्या गल्लीतलं पांढरं रताळं संपलं. बाजारात दिसतं ते जास्त करून लाल सालीचंच.

म्हणून ही आजी मे महिन्याच्या ४५ डिग्रीतही एवढं एक आळं न्हाणीच्या पाण्यावर जगवते. घरच्यांची आंघोळ झाली की पाणी इकडंच येतं.

[वरंब्यांचा शॉट]

दसरा झाला की लावणी. इथली माती काळी, भारी, ओली झाली की चिखल आणि वाळली की भेगा, आणि रताळ्याला तर पाय ठेवला की दबेल अशी भुसभुशीत लागते. मग आजी नदीची रेती, चुलीची राख, कुजलेलं शेणखत सगळं कालवून फूटभर उंच वरंबे करते. युरियाचं नाव काढत नाही, त्यानं पानंच माजतात. वेलाचे शेंड्याकडचे वीतभर तुकडे, चार-पाच पेरांचे, त्यातली दोन-तीन पेरं मातीत आणि शेंडा वर, दोन तुकड्यांत वीतभर अंतर. झालं.

आता हे हात बघा. वेल उचलून परत वरंब्यावर ठेवतेय. वेल जिथं जमिनीला टेकतो तिथं पेराला मुळं फुटतात, मग जोर सगळीकडं वाटला जातो आणि रताळी बारीक राहतात, म्हणून दर दोन-तीन आठवड्यांनी हे करायचंच. भेग दिसली की लगेच माती ओढायची, तिच्यातूनच सोंड्या भुंगा आत शिरतो आणि रताळं कडू करून टाकतो. वावरात हे पीक कोणी लावत नाही, रानडुकरं ठेवत नाहीत.

[महाशिवरात्रीच्या आठ दिवस आधी]

पानं पिवळी पडायला लागलीत. आजीनं आधी एकच रताळं काढून कापलं, कापलेल्या जागी चीक आला, तो पांढराच वाळला म्हणजे तयार आहे, काळा-हिरवा पडला असता तर अजून थांबावं लागलं असतं. मग सब्बलीनं वरंबा लांबून सैल केला आणि पुढं सगळं हातानं. साल इतकी नाजूक की नखही लागतं. हे बघा, एकाच बुडाला पाच! मातीतून निघतानाच पांढुरकं दिसतंय. यंदा दोन घमेली निघाली, विकायला नाही, घरात आणि शेजारीपाजारीच संपतील.

पण आज खायचं नाही. आठवडाभर सावलीत पोत्यावर पसरून ठेवायचं, धुवायचं नाही, फ्रीजमध्ये तर अजिबात नाही. तेवढ्यात जखमा भरतात आणि पिठाची साखर व्हायला लागते.

महाशिवरात्रीची संध्याकाळ. चुलीतला आर, म्हणजे निखारे, बाजूला ओढलाय आणि रताळी राखेत पुरलीत. "कुकरात नको घालू बाई, पाणचट होते," आजी सुनेला सांगतेय, आणि तिचं बरोबर आहे, सावकाश भाजलं की आतलं पीठ गोड व्हायला वेळ मिळतो. साल काळी, आत पांढरं, पिठूळ, कोरडं. वरून दूध. बाजारच्या लाल रताळ्याची ही चव नाही, खाऊन बघा म्हणजे कळेल.

दुसऱ्या दिवशी सकाळी गल्लीतली एक पोरगी सासरी निघाली. आजीनं वेलाचे वीस तुकडे ओल्या फडक्यात गुंडाळून तिच्या स्कूटीच्या डिक्कीत ठेवले. पोरीनं पर्स काढली. "वेलाचे पैसे घेत नसते माय, उन्हाळ्यात पाणी टाकजो फक्त."