मुंढ्याशी दोन बोटं कोरी जागा

(लघु माहितीपटासाठी निवेदन)

[दृश्य: दादरमधला लग्नाचा हॉल. अंतरपाट धरलेला. नवरीच्या हातातला हार.]

मंगलाष्टकं सुरू झाली की नवरी दोन्ही हातांत हार धरून उभी राहते. कोपर वाकलेले, दंड अंगापासून जरासे सुटे. भटजींची कडवी संपतात, मग एखादी मावशी स्वतः रचलेलं म्हणते, मग आत्याचा नंबर. अंतरपाट दूर होतो, तोवर मित्रांनी नवरदेवाला उचलून धरलेलं असतं आणि नवरीचे हात हार घेऊन पार डोक्याच्या वर जातात. फोटो सुरेख येतो. ब्लाउजच्या आत मात्र, काखेत, नेमक्या याच वेळी जरीच्या तारेची टोकं कातडीवरून ओढली जातात.

संध्याकाळी रिसेप्शनला उभं राहीपर्यंत काख लालबुंद होते. रात्री अंगावर पाणी घेतलं की आग आग होते. काखेचं दुखणं चारचौघांत सांगायचं कसं, म्हणून मुली गप्प राहतात, आणि घरातली मोठी माणसं 'एक दिवस तर काढायचाय' म्हणून मोकळी होतात. तो एक दिवसही का काढायचा? हे दुखणं टाळता येतं. पण मेकअपच्या खोलीत पावडरचा डबा उघडून नाही. ते टाळायची वेळ लग्नाच्या दीड-दोन महिने आधी येते, शिंप्याच्या टेबलावर, कापडाला कात्री लागण्याच्याही आधी.

[दृश्य: गोवंडी. माळ्यावरचा कारखाना. लाकडी अड्ड्यावर ताणलेलं कापड, भोवती बसलेले कारागीर.]

मुंबईत भरतकामाचे असे कारखाने धारावीत आहेत, मदनपुऱ्यात आहेत, गोवंडीच्या गल्ल्यांत आहेत. कारागीर बहुतेक उत्तर प्रदेश, बिहार, बंगालकडचे. दुकानात आपण 'आरी वर्क' म्हणून जो ब्लाउज पसंत करतो, तो आधी शिवून मग भरत नाहीत. आधी शिंपी कापडावर पाठ, पुढचे भाग आणि बाह्या आखून देतो. ते आखलेलं कापड अड्ड्यावर ताणतात, नक्षीचा खाका उतरवतात, काम भरतात, आणि मगच ते कापायला परत येतं. म्हणजे काखेत खडे-मणी येणार की नाही, हे त्या आखणीच्या दिवशीच ठरून जातं.

[दृश्य: अगदी जवळून. कारागिराची बोटं, सुई, डबक्याचा तुकडा.]

हा डबका. बारीक तार घट्ट गुंडाळून केलेली पोकळ नळी, बॉलपेनातल्या स्प्रिंगसारखी. कारागीर तिचे कात्रीने छोटे छोटे तुकडे करतो आणि मण्यासारखे सुईत ओवतो. प्रत्येक तुकड्याला दोन कापलेली टोकं. बोट फिरवून बघितलं तर ती टोकं खरचटतात. जुन्या जरदोजीत चांदीची, सोन्याचं पाणी दिलेली तार असायची. आज बाजारात बहुतेक तांब्या-पितळेची किंवा प्लास्टिकची असते. कापलेलं टोक मात्र कुठल्याही तारेचं बोचतंच.

त्याहून वाईट जागा शिवणीची. मुंढ्याच्या, म्हणजे बाही जोडतात त्या गोलाईच्या, रेषेपर्यंत मणी भरलेले असले तर मशीनची सुई त्यांच्यावर आपटून मोडते. मग शिवणीत येणारे मणी पक्कडीने किंवा हातोडीने फोडून काढावे लागतात. काच फुटते, दोरा राहतो. पण तो चुरा पूर्ण झटकला नाही, तर त्याचे कण शिवणीच्या मायेत, म्हणजे शिवणीपलीकडे सोडलेल्या जादा कापडात, अडकून बसतात. ती माया आत वळते आणि काखेच्या घडीत जाऊन टेकते. वरून बघणाऱ्याला काही कळत नाही.

म्हणून आखणीच्या वेळीच सांगायचं: मुंढ्याच्या खालच्या गोलाईला, पुढच्या भागावर, पाठीवर आणि बाहीच्या आतल्या बाजूला, शिवणीपासून निदान दोन बोटं जागा कोरी सोडा. कामाचं काही बिघडत नाही. हात खाली असताना ती जागा दिसतच नाही, आणि हात वर गेल्यावर बघणारे हाराकडे बघत असतात. शिवाय त्या भागाचं काम वाचतं, ते पाठीच्या गळ्यावर मागून घ्यावं.

[दृश्य: हिंदमाताजवळचा शिंप्याचा गाळा. ब्लाउज उलटा करून दाखवताना.]

नवा ब्लाउज हातात आला की आधी उलटा करा. सुलट बाजूचं कौतुक घरी सगळे करणारच आहेत. आत पूर्ण अस्तर हवं, कामाच्या गाठी आणि दोरे उघडे नकोत. अस्तर सुती, मऊ. मुंढ्याच्या शिवणीवर मलमलची उरेब, म्हणजे कापडावर तिरकी कापलेली, पट्टी चढवून घ्या. उरेब कापलेली पट्टी गोलाईवर बसते, सरळ कापलेली चुण्या टाकते, आणि त्या चुण्याही टोचतात.

आता मापाची गोष्ट. काखेत लागतं म्हटलं की पहिली सूचना येते, 'मुंढा खाली उतरवा.' मुंढा खरोखर आवळत असेल तर थोडा मोकळा करावाच लागतो. पण फार उतरवला की नुकसान होतं. मुंढा काखेच्या जवळ असला तर हात वर जाताना ब्लाउज जागेवर राहतो. तो खाली गेला की हाताबरोबर अख्खा ब्लाउज वर ओढला जातो आणि प्रत्येक हालचालीला कापड अंगावर घासतं. बाहीला काखेत छोटा चौकोनी तुकडा लावून घेतला तर मुंढा खाली न नेताही हात मोकळा होतो.

[दृश्य: मरोळ. ईस्ट इंडियन घर. कपाटाला टांगलेला पांढरा गाऊन.]

गोराई, मनोरी, मरोळच्या ईस्ट इंडियन, म्हणजे मुंबईच्या मूळच्या मराठी बोलणाऱ्या कॅथलिक, घरांत चर्चच्या लग्नाला पांढरा गाऊन असतो. बाही नसलेल्या गाऊनमध्ये घासण्याची जागा बदलते. काख सुटते, पण दंडाची आतली बाजू कुशीवरच्या मण्यांना लागत राहते, चालताना प्रत्येक पावलाला. हात सरळ खाली सोडून उभं राहायचं आणि दंड जिथे टेकतो तिथे खडूने खूण करून घ्यायची. तेवढ्या पट्ट्यातले मणी काढायचे. काढायचे नसतील तर त्यांच्यावर त्याच रंगाची मऊ, बारीक जाळी हाताने टाचून घ्यायची.

[दृश्य: ट्रायल. मुलगी आरशासमोर हात वर करते.]

ट्रायलला आरशासमोर ताठ उभं राहून काही कळत नाही. हार घालायचा तसे हात वर करा. वाकून नमस्कार करा. केसांत गजरा माळल्यासारखे हात मागे न्या. खाली बसा, उठा. मग ब्लाउज घरी नेऊन तासभर घालून फिरा, पंखा बंद ठेवून. काढल्यावर काख बघा. जिथे लाली दिसेल, तिथे अजून काम बाकी आहे. लाली किंवा खाज एक-दोन दिवसांनी उठली, तर ती घासण्याची नसून धातूची ॲलर्जी असू शकते. निकेल पुष्कळांना सोसत नाही. मग तार कातडीला कुठेच लागणार नाही असं अस्तर हवं, आणि त्वचेच्या डॉक्टरांना दाखवायला हवं.

[दृश्य: मे महिन्यातली दुपार. हॉलच्या जिन्यात पदराने वारा घेणाऱ्या बायका.]

मुंबईत एप्रिल-मेचे मुहूर्त म्हणजे पारा ३३-३४ अंशांवर आणि हवेत समुद्राची ओल. घाम येतो तो वाळत नाही. ओली कातडी कोरडीपेक्षा लवकर सोलवटते, कारण घामाने तिचा वरचा थर फुगून मऊ पडतो आणि कापड तिला धरून ओढतं. डिओने वास झाकला जातो, घाम थांबत नाही. घाम कमी करायचा तर बाटलीवर 'अँटीपर्स्पिरंट' लिहिलेलं हवं. ते रात्री, कोरड्या काखेला लावायचं आणि लग्नाच्या आठवडाभर आधी सुरू करायचं. वॅक्सिंग लग्नाच्या आदल्या दिवशी नको, तीन-चार दिवस आधी उरकावं. नुकत्याच केस काढलेल्या कातडीला तार लागली तर ती सहन होत नाही.

पावडरचा थर घामात भिजून गोळा होतो. पेट्रोलियम जेली चांगली, पण बोटाने पातळसरच लावायची, आणि रेशमाला तिचा तेलकट डाग पडतो म्हणून मध्ये पॅड हवंच. सिलिकॉनची घर्षणरोधक स्टिक हाताला कोरडी लागते, डागाची भीती कमी. यातलं काहीही लग्नाच्या दिवशी पहिल्यांदा लावू नका.

[दृश्य: अर्धगोल सुती पॅड, टिचबटणं, मुलीच्या बहिणीची पिशवी.]

पॅडसाठी शिंप्याला आधीच सांगून ठेवावं. अस्तराच्याच कापडाची अर्धगोल, दुहेरी पॅडं, मुंढ्याला टिचबटणांनी लागणारी. दोन जोड्या. सकाळच्या विधींना एक, रिसेप्शनच्या आधी दुसरी. टिचबटणं जमली नाहीत तर चार टाके धावदोरा. करवलीच्या पिशवीत सुई-दोरा, जुन्या मलमलच्या धोतराची पट्टी आणि एक कोरडा रुमाल असू द्या. ऐनवेळी शिवण टोचायला लागली तर ती पट्टी दुमडून टाचता येते. तिथे सेफ्टी पिन लावू नये, आणि चिकटपट्टीही नको. घामाने ती सुटते, नाही सुटली तर काढताना कातडी घेऊन येते.

इतकं करूनही खरचटलं, तर रात्री साध्या गार पाण्याने धुऊन, टिपून कोरडं करा. साबण चोळू नका, अत्तर-डिओ लावू नका. पेट्रोलियम जेलीचं बोट आणि सैल सुती कपडा, एवढं पुरतं. पाणी सुटलं, पू दिसला किंवा ताप वाटला तर घरगुती उपाय थांबवून डॉक्टरकडे जा. आणि ब्लाउज तसाच घडी घालून ठेवू नका. उलटा करून सावलीत वाळवा, घामाने जरीची तार काळी पडते. सत्यनारायणाच्या पूजेला तोच घालायचा असेल, तर पॅडं धुऊन घ्या आणि जिथे टोचलं होतं तिथे पूजेच्या आधी शिंप्याकडून पट्टी लावून आणा.