वैऱ्याचं नाव घेऊन

प्रिय श्रोतेहो, प्रभू येशूच्या नावात आपणा सर्वांना सप्रेम सलाम.

‘तुम्ही आपल्या वैऱ्यांवर प्रीती करा आणि जे तुमचा छळ करतात त्यांच्यासाठी प्रार्थना करा.’ मत्तयकृत शुभवर्तमानाच्या ५व्या अध्यायातलं हे ४४वं वचन आपल्यापैकी अनेकांना तोंडपाठ आहे. ज्यांनी ते डोंगरावर पहिल्यांदा ऐकलं, त्यांना वैरी शोधायला लांब जावं लागत नव्हतं. देशावर रोमी सत्ता होती. शिपाई वाटेत कुणालाही धरून मैलभर ओझं वाहायला लावी. त्या सक्तीचा उल्लेख तीनच वचनं आधी आला आहे. आदल्या दिवशीच असं ओझं वाहून आलेला कुणी त्या गर्दीत बसला असेल, तर हे शब्द त्याला किती झोंबले असतील!

आपला वैरी बहुधा शिपाई नसतो. वाटणीत फसवणारा सख्खा भाऊ असतो, कामाच्या जागी आपल्यावर बालंट आणणारा सहकारी असतो, कधी आपल्याच मंडळीत पुढच्या बाकावर बसणारा असतो. त्याचं नाव निघालं की तोंड कडू होतं. मग आपण म्हणतो, ‘मनात प्रेमच नाही, तर देवासमोर खोटं कशाला बोलू?’

हा प्रश्न प्रामाणिक आहे, म्हणून त्याचं उत्तरही नीट शोधलं पाहिजे. लूकच्या ६व्या अध्यायात येशू हीच आज्ञा उलगडून सांगतो: द्वेष करणाऱ्यांचं बरं करा, शाप देणाऱ्यांना आशीर्वाद द्या, छळणाऱ्यांसाठी प्रार्थना करा. ही सगळी हातांनी आणि तोंडाने करायची कामं आहेत. मोशेच्या नियमशास्त्रातही तेच दिसतं. निर्गमाच्या २३व्या अध्यायात म्हटलं आहे, वैऱ्याचा बैल किंवा गाढव भटकताना दिसलं तर ते त्याच्याकडे पोचतं कर. त्याचं गाढव ओझ्याखाली बसलं असेल तर टाकून जाऊ नकोस, हात लाव. गाढव उठवताना धन्याबद्दल तुझ्या पोटात माया होती का, असं तिथे कुणी विचारत नाही. आधी गाढव उठवायचं. माया उशिरा आली तरी चालेल.

आणि राग? तो लपवून प्रार्थनेला बसू नका, एवढं मी अगदी आग्रहाने सांगेन. ३५वं स्तोत्र उघडून पाहा. ‘माझ्याशी लढणाऱ्यांशी तू लढ,’ अशी देवाकडे दाद मागूनच ते सुरू होतं. त्याच स्तोत्रात पुढे १३व्या वचनात स्तोत्रकर्ता सांगतो की, हे लोक आजारी होते तेव्हा मी गोणपाट नेसलो, उपास केला, त्यांच्यासाठी प्रार्थना केली. एकाच माणसाच्या तोंडी, एकाच स्तोत्रात हे दोन्ही आहे. देवाला आपली तक्रार ऐकवायची आणि त्याच बैठकीत त्या माणसाचं दुखणंही त्याच्यापुढे ठेवायचं, याला ढोंग म्हणत नाहीत.

पहिल्या मंडळीतला विश्वासू सेवक स्तेफन, त्याला लोक येशूवरच्या विश्वासापायी दगडमार करत होते, तेव्हा गुडघे टेकून त्याने मागितलं, की हे पाप त्यांच्याकडे मोजू नकोस. मारणाऱ्यांची वस्त्रं सांभाळत शौल नावाचा तरुण तिथे उभा होता. तोच पुढे प्रेषित पौल झाला. स्तेफनाला मात्र ते पाहायला मिळालं नाही. आपण प्रार्थना करतो आणि समोरचा महिनाभरात बदलला नाही की हात टेकतो, म्हणून हे मुद्दाम सांगितलं.

आपल्या देशातली, आपल्या काळातली एक बाई आठवते. १९९९च्या जानेवारीत ओडिशातल्या मनोहरपूर गावी ग्रॅहम स्टेन्स आणि त्यांची दोन मुलं, फिलिप आणि टिमथी, गाडीत झोपलेले असताना जाळले गेले. ग्रॅहम तीसहून अधिक वर्षं बारिपद्याला कुष्ठरोग्यांची सेवा करत होते. त्यांच्या पत्नी ग्लॅडिस यांनी मारेकऱ्यांना क्षमा केल्याचं जाहीर केलं, आणि मुलगी एस्तरसह त्या पुढची काही वर्षं तिथेच राहून त्याच रुग्णांची सेवा करत राहिल्या. खटला चालायचा तसा चालला. मुख्य आरोपीची जन्मठेप सर्वोच्च न्यायालयाने २०११मध्ये कायम केली. ग्लॅडिसबाईंची क्षमा न्यायालयाच्या आड आली नाही.

इथे काही जणांची फार मोठी गल्लत होते, आणि तिचा त्रास दुबळ्यांना होतो. घरात मार खाणाऱ्या बाईला ‘प्रीती कर, सहन कर’ असं सांगणं हा या वचनाचा दुरुपयोग आहे. ताई, तुम्ही ऐकत असाल तर आधी सुरक्षित जागी जा. तक्रार करायची असेल तर बेलाशक करा. पौलानेही आपल्यावरच्या आरोपांबाबत कैसराकडे, म्हणजे रोमी सम्राटाकडे, दाद मागितली होती. प्रार्थना दूर राहूनही करता येते. पौल सूड घेऊ नका म्हणतो, कारण सूड देवाचा आहे. अन्याय झाकून ठेवा, असं तो कुठेच सांगत नाही.

मग सुरुवात कुठून करायची? त्या माणसाचं नाव घ्या. नुसतं ‘माझे वैरी’ म्हटलं की प्रार्थना हवेत राहते. नाव घेतलं की त्याचा चेहरा येतो, त्याची आजारी आई येते, त्याची मुलं येतात. ‘प्रभू, त्याला सद्बुद्धी दे’ इथेच थांबू नका. या वाक्यात आपण मनातल्या मनात त्याला बरेचदा शिक्षाच सुनावत असतो. जे स्वतःसाठी मागता तेच त्याच्यासाठी मागा: भाकर, आरोग्य, शांत झोप. एखाद्या दिवशी नावापुढे शब्दच फुटणार नाहीत. तेव्हा नावच उच्चारा, आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा बसा.

चला, आता मिळून प्रार्थना करू. मी मध्ये थांबेन, तिथे ते नाव तुम्ही घ्या.

हे स्वर्गीय पित्या, तू आपला सूर्य वाइटांवर आणि चांगल्यांवरही उगवतोस. ज्याने मला दुखवलं त्याला, … याला, मी आज तुझ्यापुढे आणतो. माझा राग तुला ठाऊक आहे. त्याच्या घरी आज अन्न असू दे. त्याच्या मुलाबाळांना सुखरूप ठेव. त्याने केलेलं वाईट त्याला दिसू दे, आणि ते दिसेल तेव्हा त्याला तुझ्याकडे यायची वाट सापडू दे. माझ्या हातून त्याचं काही बरं करायची वेळ आली, तर मला मागे सरू देऊ नकोस. येशूच्या नावाने मागतो. आमेन.