पडद्यावरची भीती

श्रोतेहो, दूरचित्रवाणीवरील हिंसा पाहून मुले हिंसक होतात का, हा प्रश्न आपण पुष्कळ चर्चिला आहे. परंतु ती हिंसा रोज पाहणारा आणि आयुष्यात कोणावर हातही न उगारणारा माणूस हळूहळू घाबरट कसा होतो, याची चिंता मला अधिक वाटते.

अमेरिकेतील पेनसिल्व्हेनिया विद्यापीठाचे जॉर्ज गर्बनर यांनी १९७६ साली लॅरी ग्रॉस यांच्यासह असे मांडले की, दिवसाला चार तास वा अधिक टीव्ही पाहणारे लोक, कमी पाहणाऱ्यांच्या मानाने, आपल्यावर हल्ला होण्याचा संभव फुगवून सांगतात आणि इतरांवर विश्वास कमी ठेवतात. यावर टोरोंटोतील अभ्यासकांनी १९७९ मध्ये रास्त हरकत घेतली. असुरक्षित वस्तीतली माणसे मुळात भ्यालेली असतात आणि टीव्हीही अधिक पाहतात. वस्तीतील गुन्ह्यांचे प्रमाण हिशेबात धरले, तर हा संबंध बहुतांशी उरत नाही, असे त्यांना आढळले. मात्र शहरातील सर्वाधिक गुन्ह्यांच्या भागात तो टिकून राहिला. म्हणजे पडदा भीती शून्यातून निर्माण करतो असे नव्हे. असलेल्या भीतीला तो खतपाणी घालतो, असे मला वाटते.

मनाची एक खोडही इथे कामी येते. जे उदाहरण चटकन आठवते ते वारंवार घडत असावे, असे आपण धरून चालतो. ट्वर्स्की व कानेमन या मानसशास्त्रज्ञांनी १९७३ मध्ये हे दाखवून दिले. सीसीटीव्हीतील एकच चित्रफीत दिवसभरात चाळीस वेळा दाखवली, की घटना एक असूनही मनात चाळीस नोंदी होतात.

खरे नुकसान पुढे आहे. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या आकडेवारीनुसार २०२२ मध्ये देशात खुनाचे २८,५२२ गुन्हे नोंदले गेले, म्हणजे लाख लोकसंख्येमागे सुमारे दोन, आणि त्यांतील सर्वांत मोठा गट, ९,९६२, वादावादीतून घडलेला होता. बलात्काराच्या नोंदलेल्या गुन्ह्यांत तर नव्वद टक्क्यांहून अधिक आरोपी पीडितेच्या ओळखीचे असतात. पडदा मात्र आपल्याला अंधारातला अनोळखी माणूस दाखवतो, आणि आपण तिकडेच डोळे लावून बसतो.

माझी आत्या इथे इंदूरच्या रामबागेत राहते. माहेरवाशिणी आल्या की रात्री अकरानंतर त्यांना सराफ्यातल्या रात्रीच्या खाऊबाजारात खोपरापॅटिस आणि गराडू, म्हणजे तळलेला कंद, खायला नेणे, हा तिचा वर्षानुवर्षांचा शिरस्ता होता. तिच्या आळीत या काळात साधी चोरीही झालेली नाही. तरी संध्याकाळच्या गुन्हेविषयक मालिकांची सवय लागल्यापासून दिवेलागणीनंतर ती उंबरा ओलांडत नाही. ज्याच्या वडिलांकडून तिने वीस वर्षे भाजी घेतली, त्या मुलाला ती आता दाराची साखळी न काढता फटीतून पैसे देते, आणि तोही काही न बोलता पिशवी उंबऱ्याशी ठेवून निघून जातो.