पाटीपलीकडची ओळख

(रविवार सकाळ. कोल्हापूर, राजारामपुरी. एका इमारतीच्या जिन्यालगत एकाखाली एक लावलेल्या पाट्या.)

राजारामपुरीत कोणत्याही गल्लीत शिरले तरी आधी पाट्या दिसतात. डॉक्टरांच्या, वकिलांच्या, सनदी लेखापालांच्या, आर्किटेक्टच्या. नाव, त्याखाली पदवी आणि भेटण्याची वेळ एवढ्या मजकुरावर इथल्या दोन-तीन पिढ्यांनी आपला व्यवसाय चालवला, कारण उरलेले काम गावातली तोंडोतोंडी चर्चा करीत असे. आता पेशंट किंवा पक्षकार जिना चढण्याआधी मोबाईलवर नाव शोधतो. तिथे आपल्याविषयी काय सापडते, ही काळजी यातल्या काही मंडळींना सुट्टीच्या दिवशी पुन्हा वर्गात घेऊन आली आहे. समाजमाध्यमांवर आपली ओळख कशी मांडावी, हे शिकवणारा हा वर्ग.

(वर्ग. पडद्यावर एक पोस्ट.)

शिकवणाऱ्या मॅडमनी पूर्वी जाहिरात संस्थेत काम केले आहे. प्रत्येकाने आजवर टाकलेली एक पोस्ट पडद्यावर दाखवायची, अशी त्यांची पहिली अट असते. आज सुरुवात अस्थिरोगतज्ज्ञांपासून झाली. ‘गुडघेदुखीला कायमचा रामराम! जिल्ह्यातील सर्वोत्तम उपचार, शंभर टक्के खात्री.’ शेजारी डॉक्टरांचे हसरे छायाचित्र आणि शस्त्रक्रियेनंतर चालणाऱ्या एका आजींचा व्हिडिओ. मॅडम एकेक शब्द खोडत जातात. ‘सर्वोत्तम’ जातो, ‘कायमचा’ जातो, ‘खात्री’ जाते, आजींचा चेहराही जातो. शेवटी नाव आणि फोन नंबर एवढेच शिल्लक राहते. वर्ग हसतो. डॉक्टरही हसतात, पण जरा उशिराने.

या खोडाखोडीला आधार आहे तो डॉक्टरांसाठीच्या २००२ सालच्या आचारनियमांचा. त्यांनुसार जाहिरात करून पेशंट मिळवणे अनैतिक ठरते. नवा दवाखाना सुरू केला, पत्ता बदलला, काही दिवस बाहेर जाऊन परत काम सुरू केले, तर तसे जाहीर करता येते. केलेल्या शस्त्रक्रियांची बढाई मारता येत नाही. दवाखान्याच्या पाटीवर स्वतःचे छायाचित्र छापले तर ती आत्मप्रसिद्धी होते, मात्र मानवी शरीराची आकृती छापायला हरकत नाही. राष्ट्रीय वैद्यक आयोगाने २ ऑगस्ट २०२३ रोजी नवे नियम काढले, त्यांत समाजमाध्यमांवरच्या वर्तनाविषयी स्वतंत्र सूचनाही होत्या. पण त्याच महिन्यात ते स्थगित झाले आणि पुन्हा २००२ च्या नियमांकडे यावे लागले. इन्स्टाग्राम २०१० साली आले, म्हणजे त्याच्या जन्माआधी आठ वर्षे लिहिलेल्या नियमांनी त्यावरचे वागणे तोलायचे, अशी ही गंमत आहे.

वकिलांची वाट याहून अरुंद आहे. बार कौन्सिल ऑफ इंडियाच्या नियम ३६ नुसार त्यांना जाहिरातीने किंवा दलालामार्फत काम मिळवण्याची मनाई आहे. २००८ मध्ये दुरुस्ती होऊन संकेतस्थळाला परवानगी मिळाली, तीही नाव, पत्ता, नोंदणी, शिक्षण आणि कामाचे क्षेत्र अशा ठरावीक माहितीपुरती. जुलै २०२४ मध्ये मद्रास उच्च न्यायालयाने सेवा शोधून देणाऱ्या संकेतस्थळांवरील वकिलांच्या जाहिरातींबद्दल कडक शब्दांत नापसंती व्यक्त केली आणि कारवाईचे निर्देश दिले.

(एक तरुण वकील हात वर करतो.)

मुंबई उच्च न्यायालयाचे सर्किट बेंच, म्हणजे फिरते खंडपीठ, १८ ऑगस्ट २०२५ पासून कोल्हापुरात सुरू झाले आहे, तेव्हा आपण तिथली कामे घेतो हे सांगावे की नाही, असा या वकिलाचा प्रश्न आहे. मॅडम त्यालाच विचारतात, “वकीलसाहेब, बेंच आल्यापासून ऑफिसात आलेला माणूस पहिल्यांदा काय विचारतो?” तो क्षणभर आठवून म्हणतो, “आमची केस इथे चालेल की मुंबईला, हेच.” मग त्याच प्रश्नाचे उत्तर लिहायचे, असे ठरते. कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर, रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग हे सहा जिल्हे या बेंचच्या कक्षेत येतात, एवढे वाक्य सिंधुदुर्गातल्या एखाद्या बागायतदाराच्या उपयोगाचे आहे. त्याखाली ‘त्वरित संपर्क साधा’ लिहिण्याचा वकिलाचा बेत मात्र मॅडम मोडीत काढतात.

या वर्गाचा खरा अभ्यासक्रम इथे दिसतो. पोस्ट तयार करणे, रील कापणे, पोस्टची वेळ आधीच लावून ठेवणे हे एका दुपारी येते, आणि न आल्यास घरातला नववीतला मुलगा शिकवतो. आपल्या टेबलासमोर बसलेला माणूस रोज कोणता प्रश्न विचारतो, हे आठवून त्याचे उत्तर स्वतःची स्तुती न करता देणे, याला मात्र वीस वर्षांचा अनुभव असलेल्या माणसालाही कष्ट पडतात. महिन्यात दहा हजार फॉलोअर्स मिळवून देणारे क्लास बाजारात पुष्कळ आहेत. शाहूपुरीतल्या लेखापालाने परराज्यातल्या दहा हजार अनोळखी लोकांचे करायचे काय, हे कोणी सांगत नाही.

त्या लेखापालांचे काम व्हॉट्सअ‍ॅपवरच भागते. आगाऊ कराचे हप्ते १५ जून, १५ सप्टेंबर, १५ डिसेंबर आणि १५ मार्च या तारखांना भरायचे असतात, आणि हे गृहस्थ आपल्या क्लायंटना आठवण पाठवतात ती १४ तारखेच्या रात्री. मॅडम त्यांना पाच तारखेवर आणतात. दुसरी अडचण बारीक आहे. एकाच वेळी अनेकांना पाठवायच्या ब्रॉडकास्ट यादीतला संदेश ज्यांनी आपला नंबर जतन केला आहे त्यांनाच पोहोचतो, आणि एका यादीत २५६ जणच मावतात. वर्षभर आपण पाठवत होतो ते निम्म्यांना मिळतच नसणार, हे कळल्यावर ते चष्मा काढून पुसत बसतात.

वर्गातल्या आर्किटेक्ट बाईंना शिकवण्यासारखे थोडेच होते. त्यांचे काम मुळातच डोळ्यांनी पाहायचे.

दुपारचा वेळ गुगलवरच्या नोंदीत जातो. एका बालरोगतज्ज्ञांच्या दवाखान्याची खूण नकाशावर मागच्या बोळात पडली आहे आणि गुरुवारी दवाखाना बंद असतो, ही गोष्ट तिथे कोणी लिहिलेलीच नाही. त्याच पानावर एका आईची रागावलेली तक्रार आहे. डॉक्टरांनी तिला तितक्याच रागाने उत्तर देताना मुलाचा आजार आणि दिलेली औषधे सगळी लिहून टाकली. पेशंटची गुप्तता आपण चारचौघांत मोडली, हे त्यांच्या ध्यानात आता येते, आणि वर्ग चालू असतानाच डॉक्टर ते उत्तर काढून टाकतात.

(सोमवार सकाळ. अस्थिरोगतज्ज्ञांचा दवाखाना.)

पेशंट येण्यापूर्वीची वीस मिनिटे. डॉक्टरांच्या हातात प्लास्टिकचा गुडघा आहे आणि मोबाईल औषधांच्या खोक्यांना टेकवून ठेवला आहे. पायऱ्या उतरताना गुडघा जास्त का दुखतो, हे त्यांना दीड मिनिटात सांगायचे आहे. पहिल्या वेळी पंख्याचा आवाज येतो, दुसऱ्या वेळी ‘पॅटेला’ हा शब्द तोंडातून निघून जातो आणि ते स्वतःच थांबतात. तिसऱ्या वेळी ते ‘गुडघ्याची वाटी’ म्हणतात. वाक्य पुरे होते न होते तोच दार ढकलून कंपाउंडर आत डोकावतो आणि विचारतो, “सर, पहिला नंबर सोडू का?”