सिंधच्या म्हशी, टॉरसचा पायथा

श्रोतेहो, नमस्कार.

आज विषय इतिहासाचा आहे, पण सुरुवात म्हशींपासून करतो. या म्हशी सिंधमधल्या, आणि त्या जाऊन पोचल्या थेट आजच्या तुर्कस्तानात, अदाना शहराच्या आसपास. सालं म्हणाल तर इसवी सन 700 नंतरची.

त्या वेळी हा मुलूख सरहद्दीचा होता. अदानाच्या उत्तरेच्या टॉरस पर्वताच्या पलीकडे बायझंटाईन, म्हणजे पूर्व रोमन साम्राज्याचा ख्रिस्ती सम्राट, अलीकडे मुसलमानांचा खलिफा. सातव्या शतकात अरबांनी सिरिया जिंकला, तेव्हापासून जवळजवळ तीनशे वर्षं ही हद्द धगधगत राहिली. उन्हाळा आला की खिंडीतून स्वाऱ्या निघायच्या. पायथ्याला मस्सीसा, अदाना, तार्सूस अशी ठाणी होती. शाळेत शिकलेला इतिहास बहुधा इथेच थांबतो: किल्ला, वेढा, लूट, परत किल्ला.

बलाधुरी नावाचा नवव्या शतकातला इतिहासकार मात्र एक वेगळीच तक्रार नोंदवतो. अँटिओक, म्हणजे आजच्या अंताक्या शहराहून मस्सीसाकडे जाणाऱ्या वाटेवर सिंहांनी उच्छाद मांडला होता. लोकांनी खलिफा वलीदकडे गाऱ्हाणं नेलं. त्याने काय पाठवलं असेल? चार हजार म्हशी आणि रेडे! सिंध जिंकणारा अरब सेनापती मुहम्मद बिन कासिम याने तिथून हजारो जनावरं इराककडे रवाना केली होती, त्यातलीच ही. पुढे दुसऱ्या एका खलिफाने आणखी चार हजार पाठवल्या. आपल्याकडच्या कुठल्याही गवळ्याला यात नवल वाटणार नाही. वाघाची चाहूल लागली की म्हशी शिंगं रोखून एकत्र उभ्या राहतात, हे तो लहानपणापासून ऐकत आलेला असतो.

मला वाटतं, सिंह हे निम्मंच कारण असावं. तो सगळा सखल भाग दलदलीचा, लव्हाळ्यांचा. तिथे बैल रुततो, म्हैस मजेत डुंबते. शिवाय दुसऱ्या खेपेला म्हशींबरोबर माणसंही पाठवली होती. अरब त्यांना झुत्त म्हणत. म्हणजे सिंधकडचे जाट. म्हशी आणि त्या राखणारी माणसं एकत्र पाठवायची, म्हणजे सरळ वसाहतीचाच बेत झाला.

झुत्तांची मोठी वस्ती होती दक्षिण इराकच्या पाणथळीत. तिथे त्यांनी बंड केलं, बसऱ्याकडून बगदादला जाणारं धान्य अडवलं. 834 साली खलिफा मुअतसिमने उजैफ या सेनापतीला पाठवलं. त्याने आधी पाण्याच्या वाटा बुजवून त्यांची कोंडी केली आणि कित्येक महिन्यांनी त्यांना शरण आणलं. तबरी हा इतिहासकार बायकापोरांसह सत्तावीस हजारांचा आकडा देतो. त्यांना होड्यांत बसवून, त्यांचीच रणशिंगं फुंकायला लावून, बगदादमधून खलिफाच्या डोळ्यांदेखत मिरवलं. मग रवानगी झाली सरहद्दीवरच्या ऐन झर्बा या गावी. बंडखोर नजरेआड झाले आणि ओसाड नाक्यावर वस्तीही झाली. कारभाऱ्यांनी एका दगडात दोन पक्षी मारले.

आता मातीकडे वळू. जुने लेखक हा पट्टा उजाड म्हणून रंगवतात. पुरातत्त्ववाले शेताशेतातून पायी हिंडले, नांगरटीत वर आलेल्या खापऱ्या वेचल्या. पिवळ्या-हिरव्या झिलईचे तुकडे सापडले की नववं-दहावं शतक ओळखायचं. अँटिओकजवळच्या ‘अमुक’ याच नावाच्या मैदानात त्यांना दलदलीच्या कडेने आणि कालव्यांच्या काठाने वसलेली छोटी छोटी गावं सापडली. कालव्यांच्या रेषा शोधायला उपयोगी पडले ते 1960च्या दशकातल्या अमेरिकन हेर-उपग्रहांचे फोटो, जे 1995 साली खुले झाले. तिथलं तळंही पुढे उपसून काढलं आणि आज त्याच्या तळाशी विमानतळ आहे. म्हणजे लढाया डोंगरात चालू होत्या आणि खाली लोक पाणी वळवून शेती करत होते. राजे आणि सेनापती लिहिणाऱ्यांना दिसले. पाट काढणारा दिसला नाही.

तरी एखादा प्रसंग असा येतो की दोन्ही बाजू एका चौकटीत दिसतात. 845 साली सरहद्दीवरच्या लामोस नदीवर कैद्यांची अदलाबदल झाली. नदीवर दोन पूल बांधले. या पुलावरून एक कैदी निघाला की त्या पुलावरून एक. मुसलमान कैदी आपल्या काठाला पोचला की त्याचे लोक तकबीर, म्हणजे ‘अल्लाहु अकबर’चा घोष देत, ख्रिस्ती पोचला की त्याचे लोक आपल्या देवाचा गजर करत. चार हजारांवर माणसं सुटली. पण त्यातही मेख होती: कुराण अनादी नाही, देवाने निर्माण केलेलं आहे, हे खलिफाच्या दरबाराचं मत जो मान्य करणार नाही, त्याची सुटका नाही! घरी परतण्याआधी धर्मशास्त्राची तोंडी परीक्षा.

ऐन झर्ब्याच्या झुत्तांवर 855 साली घाला आला. बायझंटाईन फौज चालून आली आणि तिने झुत्तांना बायकामुलांसकट धरून नेलं. तबरी आवर्जून सांगतो, त्यांच्या म्हशी आणि गाईही नेल्या. घाईतली स्वारी घोडी पळवते, किडूकमिडूक उचलते. म्हशींचा कळप हाकत न्यायचा तर स्वारीचा वेगच म्हशीच्या चालीवर येतो. तेवढी तोशीस सोसली, म्हणजे पलीकडच्यांनाही त्या जनावरांची किंमत पक्की ठाऊक होती.

नमस्कार.